पूज्य, लाभ, दोन

४ नोव्हेंबर, मंगळवार

ही डायरी संग्रामच्या कंपनीची. गुळगुळीत पानं, प्रत्येक पानाच्या डोक्यावर इंग्रजी सुविचार. वर्ष संपत आलं तरी कुणी एक अक्षर लिहिलं नव्हतं. रद्दीत जायच्या आधी मी उचलली. चौथी शिकलेल्या बाईने डायरी लिहू नये असा काही कायदा नाही. शिवाय ह्या नवव्या मजल्यावर बोलायला भिंतीच आहेत. त्या ऐकल्यासारखं करतात आणि उत्तर देत नाहीत. माझा नवरा तसाच होता, त्यामुळे जड जात नाही.

मी चंद्राबाई, खानापूरची. संग्राम माझा नातू, इथे बेंगळूरला नोकरीला. त्याची बायको मुग्धा पुण्याची. तिला दिवस गेले तेव्हा तिच्या आईला रजा मिळेना, माझ्या सुनेला दुकान सोडवेना. रिकामी मीच. आले ती तांदळाचं पोतं आणि माझं पितळी चिपटं घेऊन. इथे कपाने मोजतात. कपाला कान असतो, चिपट्याला अक्कल असते.

दसऱ्याच्या आधी, पाचव्या महिन्यात, सगळं संपलं. आता मी इथे का आहे ते कुणी विचारत नाही. मीही सांगत नाही.

दुपारची भांडी झाली की रात्रीच्या आणि दुसऱ्या सकाळच्या भाताचा तांदूळ मोजून ठेवते. माणशी एक चिपटं. पहिल्या मापाला आमच्यात एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. एक म्हटलं की ते एकटंच राहतं, असं माझी सासू म्हणायची. मधे काही महिने एक मूठ वरून टाकत होते, येणाऱ्या जिवाची. ती बंद केली. भात उरतो, फ्रीजमध्ये त्याचा दगड होतो, मग तो कावळ्यालाही नको.

आज मोजत होते तेव्हा मुग्धा दारात उभी होती. पाणी प्यायला आली असेल. न पिताच गेली.

६ नोव्हेंबर, गुरुवार

गॅलरीच्या काचेच्या दारावर मुग्धाने निळ्या मार्करने एक नंबर लिहिलाय. ९०००००००००. मोजले, दहा आकडी. म्हणजे मोबाइल. नवापुढे सगळी पूज्यंच. असले नंबर पुढाऱ्यांकडे नाहीतर बिल्डरकडे असतात.

नंबर लिहून ती समोर खुर्ची टाकून बसली ती चहा थंड होईपर्यंत. बाहेर धुकं होतं. मारतहळ्ळीच्या सगळ्या बिल्डिंगी पाण्यात बुडवून ठेवल्यासारख्या, आणि हा नंबर त्यांच्यावर तरंगत. विमान गेलं. ते दिसलं नाही, नुसता आवाज एका पूज्यातून शिरून दुसऱ्यातून निघाल्यासारखा वाटला. मला काय काय वाटतं हल्ली. साखर तपासून घेतली पाहिजे.

८ नोव्हेंबर, शनिवार

नंबर बदलला. काल शेवटी एक आला होता, ९००००००००१. आज ८०००००००१०. सिम बदलतोय म्हणजे माणूस सरळ नाही.

संग्रामला कळत नाही का? तो हेब्बाळच्या ऑफिसला उजाडायच्या आत जातो, येतो तो जेवतो आणि झोपतो. शेजारच्या फ्लॅटमधली कावेरी सांगत होती, तुमचा नातू खाली पार्किंगमध्ये गाडी बंद करून बराच वेळ आतच बसतो, दिवा न लावता. मी म्हटलं, गाणी ऐकत असेल. पुरुषांना घरात गाणी ऐकायला लाज वाटते.

कावेरी चांगली आहे पण चौकशीला भारी. गॅलऱ्या लागून आहेत, कपडे वाळत घालताना सुटका नाही. आज विचारलं, "अज्जी, मक्कळु एष्टु निमगे?" मुलं किती तुम्हाला. मी म्हटलं, "एरडु." दोन. मोठा विठोजी, धाकटी धारवाडला. मग आवाज बारीक करून मुग्धाचं विचारायला लागली. मी सांगून टाकलं, एवढं काय त्यात, काही नव्हतंच. पाचव्या महिन्यात काय असतं? तिने "सरी, सरी" म्हणत मान हलवली.

आतला पडदा हलला. वारा असेल.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज लावला मी फोन.

मुग्धा आंघोळीला गेली होती. मी गॅलरीत मेथी निवडत होते. काचेवर आजचा नंबर. माझा बटणांचा मोबाइल कमरेलाच असतो. एकेक आकडा बघून दाबला. ०, १, मग सहा पूज्यं, मग १, ८.  म्हटलं, उचलला की विचारायचं, बाबा, तुला आईबाप आहेत का?

उचलला एका बाईने. इतक्या गोड आवाजात, जशी काही साखर उसनी मागायला आलीय. "नीवु करे माडिद संख्ये अस्तित्वदल्लि इल्ल." परत लावला. परत तेच. तुम्ही लावलेला नंबर अस्तित्वात नाही. कन्नडमध्ये सांगून झालं, मग इंग्रजीत.

नाही तर नाही. पण मग माझी नातसून रोज कुणाकडे बघत बसते?

१२ नोव्हेंबर, बुधवार

रात्रभर घोळवण्यापेक्षा तोंडावर विचारलेलं बरं. सकाळी ती काच पुसत होती तेव्हा म्हटलं, "कोण आहे तो?"

"कोण, आजी?"

"हाच. पूज्यंवाला. मी फोन लावला त्याला. म्हणे अस्तित्वात नाही."

तिने फडकं खाली ठेवलं. मग विचारलं, कुठून वाचलात, गॅलरीतून? आणि मटकन खाली बसली. मला वाटलं चक्कर आली. हसत होती. हसताना डोळ्यांतून पाणी, नाक लाल. ह्या घरात हसण्याचा आवाज कसा येतो ते मी विसरले होते. मिक्सर लागल्यासारखा दचकवतो.

नंबर मी मागून वाचला होता. इंग्रजीतले आठ, एक, पूज्य मागून बघितले तरी तसेच दिसतात. काचेचा दोष, माझा नव्हे.

फोन नंबर नव्हताच तो. ऑफिसातल्या कुणीतरी मागे कधी घातलेलं कोडं. मोबाइलमध्ये विचारलं तर उत्तर लगेच मिळतं म्हणे, पण तिला विचारायचं नाही. मला तिने आमच्या लिफ्टवरून समजावलं. आकड्याला दहा घरं. लिफ्टमध्ये कसा पहिला शून्य मजला असतो, तसं पहिलं घर शून्यांचं. तिथे लिहायचं, ह्या सबंध आकड्यात शून्यं किती. दुसऱ्या घरात लिहायचं, एक किती. मग दोन किती, तीन किती, असं नवापर्यंत. आकड्याने स्वतःबद्दलच सांगायचं आणि सगळं खरं सांगायचं. दहा घरांचा असा आकडा जगात एकच आहे.

म्हटलं, मग अवघड काय आहे?

तिने दाखवलं. नवापुढे नऊ शून्यं लिहिली. पहिलं घर म्हणतं शून्यं नऊ, खरं आहे. पण मग आकड्यात एक नऊ आला ना? त्याची नोंद शेवटच्या घरात करायची, तिथे एक लिहिला. लगेच एक शून्य कमी झालं आणि पहिलं घर खोटं पडलं. तिथे आठ केले तर नवाचं घर खोटं. एक खरं करायला जावं की दुसरं खोटं होतं. संसारासारखंच आहे, मी म्हटलं.

"रोज एकच खोटं दुरुस्त करायचं ठरवलंय. त्याहून जास्त झेपत नाही मला."

मी तिला सोपा उपाय सांगितला. कशाला डोकं शिणवतेस, दहाही घरांत पूज्य घाल. काही नाही म्हण, मोकळी हो.

ती काचेकडे बघत म्हणाली, "तो तर सगळ्यात खोटा आकडा, आजी. दहा शून्यं पोटात घेऊन सांगतो, माझ्यात एकही शून्य नाही."

मेथी करपली आज. तिच्यामुळे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

स्वप्न पडलं. मी लिफ्टमध्ये. लिफ्ट खाली चाललीय पण डोकं वर चढल्यासारखं हलकं. पहिल्या मजल्यावर दार उघडलं, कुणी नाही. मग सगळ्यात खाली, पूज्य मजल्यावर. तिथे पार्किंग नव्हतं, पंगत मांडलेली. माणसं ओळखीची, बोलत कुणी नाही. माझा नवरा, माझी आई, थोरल्या जावा. पानं मांडलेली, वाढायची राहिलेली. शेवटच्या पाटावर एक पोरगी, एवढीशी, पाट निम्मा मोकळा. तिने मला विचारलं नाही की तू कोण. नुसती ताटाकडे बघत होती. माझ्या हातात चिपटं, आणि चिपट्यात धुकं.

रात्री वालाची उसळ खाल्ली होती. माझ्या वयाला वाल नडतात.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज काचेवर ७१०००००१००. मी आता गॅलरीतून वाचत नाही. आतून, मुग्धाच्या शेजारी वेताच्या मोड्यावर बसून वाचते. ऊन वर आलं की आकड्यांच्या सावल्या फरशीवर पडतात, मग हळूहळू सरकतात. माझ्या पायाच्या अंगठ्यात आज एक पूज्य येऊन बसलं होतं, जोडव्यासारखं. मी पाय हलवला नाही.

मी मोठ्याने वाचलं, "सात, लाभ, मग पाच पूज्यं, लाभ, दोन पूज्यं."

तिने विचारलं, आजी, हे पूज्य पूज्य काय म्हणता तुम्ही? म्हटलं, तुमचं शून्य ते आमचं पूज्य. खानापूरच्या शाळेत आमचे भीमाचार्य मास्तर तसंच म्हणायचे. एकावर पूज्य दहा, दोनावर पूज्य वीस. ज्याला शून्य म्हणता यायचं त्यालाही छडी दाखवून पूज्य म्हणायला लावायचे.

"म्हणजे पूजा करायची ते पूज्य?"

"असेल. मास्तरांना विचारायची कुणाची छाती होती?"

ती कितीतरी वेळ ते तोंडात घोळवत होती. पूज्य. पूज्य. लाभही तिला आवडला. म्हणाली, आमच्याकडे एक म्हणजे फक्त एक. पुण्याला सगळंच मोजकं, हे मी म्हणाले नाही, गिळलं.

मग तिने विचारलं, तुम्हाला मुलं किती. कावेरीसारखं तोंड बारीक करून नव्हे, आकडा विचारावा तसं. मी सवयीने दोन म्हटलं. ती म्हणाली, संग्राम म्हणत होता मधे एक मुलगी होती. हा पोरगा बायकोशी धड बोलत नाही आणि जुन्या गोष्टी मात्र पुरवतो.

होती. बारशाआधी गेली. नाव ठेवायचं राहिलं, तेव्हा सांगायला तरी काय आहे? दुसऱ्या दिवशी सासूने घरात जेवढी माणसं तेवढे तांदूळ मोजले, मी भात केला, सगळे जेवले, मीही जेवले. माणूस पुढे जातं. हेच मी मुग्धाला सांगितलं, तिला उभारी यावी म्हणून.

 ती माझ्या गुडघ्यावर हात ठेवून उठली. गुडघा दुखतो तोच नेमका.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

शनिवारी तिची आई येतेय, स्मिता. रविवारी संध्याकाळच्या गाडीने मुग्धाला घेऊन जाणार. थोडे दिवस माहेरी, असं संग्राम म्हणाला.

मी त्यांच्या खोलीत इस्त्रीचे कपडे ठेवायला गेले. पलंगावर मोठी बॅग उघडी. स्वेटर, उन्हाळ्याच्या कुडत्या, लग्नातली पैठणी, आणि सगळ्यात खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत डिगरीची सर्टिफिकिटं. थोड्या दिवसांसाठी माहेरी जाताना कुणी सर्टिफिकिटं नेतं का? मी शाळा कमी शिकले असेन, बॅग वाचता येते मला.

संग्रामला जेवताना धरलं. म्हटलं, ती परत येणार नाही. तो भात कालवत राहिला. म्हटलं, अरे बायकोला थांब तरी म्हण.

"काय सांगून थांबवू, आज्जी? ह्या घरात काय आहे तिचं?"

मी म्हटलं, तू आहेस, मी आहे, एवढा मोठा फ्लॅट आहे. त्याने ताट सरकवलं. अर्धा भात तसाच. त्याला आता आमटी आवडत नाही माझी, खोबरं कमी घालायला हवं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

७२०००००१००. तीन दिवस झाले, आकडा इथेच अडलाय. तिने एकाची जागा दोन केली, कारण एक दोनदा आला होता. दोन लिहिताच त्यातला एक पुसला गेला, आणि आता एक उरला एकच. वर तो नवा दोन कुणाच्या हिशेबातच नाही. ती सकाळपासून मार्करचं टोपण उघडते, लावते, उघडते.

मला राहवलं नाही. म्हटलं, रविवारी जाणारच आहेस तर पुसून टाक ते. कशाला अर्धवट भूत मागे ठेवतेस?

तेव्हा ती बोलली. माझ्याकडे न बघता, काचेला सांगावं तशी.

"दवाखान्यातून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही तांदूळ मोजत होतात, आजी. मी दारात होते. लाभ, दोन, तीन. मी वरच्या मुठीची वाट बघत होते. तुम्ही डब्याला झाकण लावलंत."

म्हटलं, मग? तीनच माणसं होतो.

"हो. मग काही नाही. कुणीच एकदाही तिचं नाव काढलं नाही. संग्राम नाही, माझी आई नाही. पण ते झाकण लागलं ना, तेव्हा मला कळलं की ह्या घरात ती नव्हतीच."

ती, म्हणाली. मुलगी होती हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

आज जास्त लिहीत नाही. मनगट दुखतंय.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

धुकं. कावेरीने हाक मारली, मी ऐकू न आल्यासारखं केलं.

सासूचा तांदळाचा डबा पत्र्याचा होता. झाकण घट्ट, तळव्याने ठोकून बसवायला लागायचं. ठक्. मी तेव्हा चुलीपाशी, ओली बाळंतीण, दूध दाटून पोलकं भिजलेलं. ठक्. इतक्या वर्षांनी आवाज कसा राहतो, आणि राहतो तर इतकी वर्षं कुठे असतो? सासू वाईट नव्हती. तिच्या सासूने तिला असंच दाखवलं असेल. तांदूळ मोजायचा तो खाणाऱ्यांना. न खाणाऱ्यांना मोजून भात उरतो.

आज दुपारी मी तांदूळ मोजला तेव्हा झाकण हाताने धरून हळू टेकवलं. तरी वाजलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

स्मिता आली. बाई चांगली आहे, पण बोलते ते बँकेतल्यासारखं. आल्या आल्या मला म्हणाली, "आजी, तिला थोडी स्पेस हवी आहे." मी म्हटलं, नवव्या मजल्यावर आणखी किती जागा पाहिजे? खाली बघितलं तर भोवळ येते. तिला माझं बोलणं कळलं नाही, किंवा कळलं.

लेकीला तिने कुशीत घेतलं, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, विसर आता सगळं, पुण्याला गेलं की बरं वाटेल. मुग्धा कुशीत होती, पण डोळे माझ्याकडे. मी चहा गाळायला वळले.

संध्याकाळी मुग्धाने काचेवर आणखी एक घर सुधारलं. ७२१००००१००. नव्या दोनाला त्याचं घर दिलं. मी मोड्यावर बसून बोटांवर बेरीज केली. ती म्हणाली होती, सगळ्या घरांची बेरीज दहा यायला हवी, कारण सगळे मिळून दहाच आहेत. सात, दोन, लाभ, लाभ. बोटं संपली आणि एक उरला. परत केली, परत तसंच. म्हटलं, मी चुकले बहुतेक, अकरा येतात.

"नाही चुकलात. पहिलं घर चुकलंय. सात म्हणतोय, पण मोजा, पूज्यं सहाच आहेत."

स्मिता विचारत होती, कोण पूज्य? आम्ही दोघींनी काही सांगितलं नाही. सांगायला गेलं की लांबतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळपासून लिहायला वेळ मिळाला नाही. आता सगळं झाल्यावर लिहितेय. ऊन उतरलंय.

सकाळी उठले तेव्हा मुग्धा काचेपाशी उभी होती. आकडा पुरा झाला होता. पहिल्या घरात सहा. साताच्या घरातला लाभ उचलून सहाच्या घरात ठेवलेला. ६२१०००१०००. सहाशे एकवीस कोटी एक हजार, तिने मला वाचून दाखवलं. एवढा मोठा आकडा, आणि मोजतो स्वतःची दहा घरं. मग तिने माझ्यासारखं वाचलं, बोट ठेवत, पाळण्याच्या तालावर.

"सहा, दोन, लाभ, पूज्य पूज्य पूज्य, लाभ, पूज्य पूज्य पूज्य."

मी घर घर तपासलं. पूज्यं सहा, आहेत. लाभ दोन, आहेत. दोन एक आहे. सहा एक आहे. बाकी कुणी नाही, तिथे तसं लिहिलंय. कुठे खोट सापडली नाही, आणि मी भाजीवाल्याची पण काढते.

म्हटलं, हा आकडा सगळ्यात आधी नसलेल्यांना मोजतो.

ती म्हणाली, "हो. त्यांना पहिलं घर. नाहीतर पुढचं काहीच खरं होत नाही."

जेवणं झाली. संग्रामने बॅगा दाराशी आणून ठेवल्या, आणि बॅगांशेजारीच चपला घालायच्या स्टुलावर बसला. दुकानात गिऱ्हाईक नसताना बसावं तसा. स्मिता मुग्धाची औषधं बांधत होती. मी नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात खाली बसून डबा पुढ्यात ओढला. गाडी संध्याकाळची, म्हणजे रात्रीच्या भाताला मी आणि संग्राम. दोन चिपटी.

परातीत आधी मी मूठ टाकली. "पूज्य," म्हटलं. मोठ्यानेच म्हटलं, माझा आवाज तसाही बारीक निघत नाही.

स्मिता दारात आली. विचारलं, ही मूठ कशाची? तिच्यामागे मुग्धा उभी होती.

"मुग्धाच्या लेकीची," मी म्हटलं. आणि दुसरी मूठ टाकली. "पूज्य."

"आणि ही?"

"ही माझ्या लेकीची. पहिलीची मोठी आत्तेआजी लागते. नाव दोघींनाही नाही, तेव्हा भांडण नाही."

स्मिता भिंतीला टेकली. पुढचं मला माझ्या कामामुळे नीट दिसलं नाही, मी मान खाली घालून मोजत होते. लाभ. दोन. डबा मिटायचा तर हात उचलेना. मी तिसरं चिपटं भरलं. सपाट केलं. परातीवर धरून राहिले. आग्रह करणारी बाई मी नव्हे. जाणाऱ्याला जा म्हणते आणि राहणाऱ्याला राहा. पण भरलेलं माप परत डब्यात ओतायचं नसतं, एवढं मला माहीत आहे, आणि चिपटं पितळी आहे, जड लागतं.

बाहेर विमान गेलं. संग्राम स्टुलावरून उठल्याचा आवाज आला. तो येऊन आईलेकींच्या मागे उभा राहिला. परातीतल्या दोन मुठी मापांपासून वेगळ्या दिसत होत्या, वाळूत पावलं उमटावीत तशा. तो त्या बघत होता. त्याचा चेहरा लहानपणी पतंग फाटला की व्हायचा तसा झाला, आणि मला एकदम कळलं की तो गाडीत बसून गाणी ऐकत नसतो.

"तीन," मुग्धा म्हणाली.

मी ओतलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

स्मिता काल एकटी गेली. जाताना माझ्या पाया पडली, तेवढ्यात तिचा मोबाइल माझ्या पावलावर पडला. सुजलंय.

बॅग अजून दाराशीच आहे. आज काढेल, उद्या काढेल. मी हात लावणार नाही. संग्रामने सुट्टी घेतलीय, दोघं काचेपाशी बसलेत. तिने त्याला घरं समजावली, तो चुकीचे प्रश्न विचारतोय. मधेच कुणीतरी नाक ओढतं. आकड्याची सावली आता भिंतीपर्यंत पोचलीय.

कावेरीने कपडे वाळत घालताना काचेवरचं बघून विचारलं, नंबर कुणाचा. म्हटलं, आमचाच. आणि मक्कळु मला मूरु. तीन. मागे चुकून दोन सांगितलं होतं.

काल रात्री संग्रामने पातेल्यातली खरवडसुद्धा सोडली नाही. दोन मुठी जास्त होत्या, तरी भात उरला नाही.